मनाचा वैद्य कसा घडावा?

वऱ्हाडातील शेतकरी दवाखान्यात येऊन ‘माझे मन उदास आहे’ असे सहसा सांगत नाही. झोप लागत नाही, डोके भणभणते, अन्न गोड लागत नाही, एवढेच तो सांगतो. आणि बाहेर रांग खोळंबलेली असल्यामुळे ताकदीच्या गोळ्या घेऊन परत जातो. त्याच्या न बोललेल्या दुःखाचा ठाव घेणे ही वैद्यकातील कठीण विद्या होय. ती आपल्या तरुण डॉक्टरांस शिकावयास मिळते काय, हा प्रश्न अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित नागरिकांनी आता विचारला पाहिजे.

अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे. अकोल्यास २००२ साली शासकीय महाविद्यालय निघाले आणि २०२४ साली अमरावतीसही तसेच सुरू झाले. नागपूरच्या १८६४ सालच्या मनोरुग्णालयाकडे डोळे लावून बसणाऱ्या या प्रदेशास ही मोठी संधी आहे. परंतु इमारत उभी राहिली म्हणजे विद्या उभी राहतेच असे नव्हे.

वस्तुस्थिती काय आहे? एम.बी.बी.एस.च्या अंतिम परीक्षेत मानसोपचारास स्वतंत्र विषयाचे स्थान नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे वर्षभराच्या आंतरवासितेत या शाखेच्या वाट्यास अवघे दोन आठवडे येतात. पुढे धारणी वा बाळापूरच्या बाजूस एकट्याने दवाखाना सांभाळणारा डॉक्टर याच शिदोरीवर निघतो. उलट, २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी शेकडा दहाहून अधिक व्यक्तींस मानसिक विकार आढळले आणि त्यांतील बहुतेकांस उपचार मिळत नव्हते.

मानसोपचारात एम.डी. करणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. २०२० पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यास तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काढावे लागतात. योजना उत्तम आहे. पण शिक्षकावाचून ती राबविली तर विद्यार्थी हा केवळ रिकाम्या जागेवर बसविलेला मजूर ठरेल. शल्यक्रिया शिकविणारा गुरू शेजारी उभा असतो. मनाची विचारपूस मात्र विद्यार्थ्याने बंद दाराआड एकट्याने करावी आणि कागदावर निदान लिहून आणावे, ही रीत चुकीची आहे. कोणता प्रश्न घाईने विचारला गेला, कोठे गप्प बसावयास हवे होते, हे पाहणाऱ्यासच सांगता येते.

रुग्णांची गर्दी आणि अध्यापकांची वाण, ही अडचण आम्ही नाकारीत नाही. परंतु गर्दीतही आठवड्यातून दोन तास राखून ठेवता येतात. अमरावती आणि अकोला यांत शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर आहे; दोन्हीकडील अध्यापक व विद्यार्थ्यांनी आळीपाळीने एकत्र बसून एकेका रुग्णाची चर्चा करावी. विद्यार्थ्यास तोच रुग्ण महिनोन् महिने पाहावयास मिळावा. वऱ्हाडी बोलणाऱ्या बाईचे ‘जीवाले कसंतरीच होते’ हे वाक्य आणि मेळघाटातील कोरकू कुटुंब आधी भूमकाकडे का जाते, हेही त्याच्या अभ्यासाचे विषय व्हावेत.

हे स्वप्नरंजन नव्हे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातीलच कार्यकर्त्यांस शिकवून तयार केले. उपचार घेऊ लागलेल्या उदासीनताग्रस्तांचे प्रमाण तेथे शेकडा सुमारे ४ वरून सुमारे २७ पर्यंत गेल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. शिकविलेला कार्यकर्ता एवढे करू शकतो, तर नीट शिकविलेला डॉक्टर किती करील! कर्ज आणि नापिकी यांवर डॉक्टर हा उतारा नव्हे, हे खरे. त्यांचे उत्तर शासनानेच दिले पाहिजे. पण हताश माणूस दारात आला असता त्यास ओळखणे हे डॉक्टरचेच काम आहे.

समाजाने टाकलेल्या महारोग्यांसाठी डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली याच अमरावतीत तपोवन उभे केले. आज मनोरुग्णाच्या वाट्यासही तीच अवहेलना येत आहे. ज्या नगरीने एकदा मार्ग दाखविला, तिने आपल्या होतकरू डॉक्टरांस ऐकण्याची विद्या शिकविण्यात मागे राहू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.