शिवार कुणाचं, मोजदाद कुणाची?

हिवाळा जवळ आला की निसर्गमंडळांकडून महिला संघटनांना एक निरोप येतो. पक्षी मोजायचे आहेत, मैत्रीपूर्ण स्पर्धा आहे, तुमच्या चार-सहा बाया स्वयंसेवक म्हणून द्या. आपल्याकडे या निरोपाला दोन उत्तरं ठरलेली असतात. एक म्हणजे, ‘आम्हाला काय तेवढाच उद्योग राहिलाय?’ आणि दुसरं, ‘बरं, पाठवतो दोघी-तिघींना, चहापाण्याचं बघतील.’ मला ही दोन्ही उत्तरं पटत नाहीत.

पहिल्या उत्तरातला राग मला कळतो. बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली भरल्या. २०१९ साली शासनाच्या समितीने याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची माहिती घेतली तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. अशा जिल्ह्यात पाखरं कसली मोजता, असं कुणीही विचारील. पण हे आकडे हाती आले ते कुणीतरी मोजायला बसलं म्हणूनच ना? एरवी बाई मोजली जाते कुठे? ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल ठरते कोयत्यावर आणि पडते नवऱ्याच्या हातात. राबतात दोन माणसं, हिशेबात मात्र एक अवजार. मोजदाद करणं, नोंद ठेवणं, ती नोंद पुढे करून बोलणं हे आपलं जुनंच काम आहे. पाखरांच्या निमित्ताने चार नव्या बाया ते शिकणार असतील तर वाईट काय?

त्याहून मोठं कारण मोकळ्या वेळाचं आहे. बाईला शिवारात जायला कुणी बंदी केलेली नाही. उलट ती दिवसभर तिथंच असते. पण हातात हंडा पाहिजे, नाहीतर विळा, सरपणाची मोळी, शेळ्यांचा कासरा. रिकाम्या हाताने बांधावर उभी राहून ती वर झाडाकडे बघायला लागली की लगेच प्रश्न येतो, ‘कुणाची वाट बघतीस गं?’ शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली मुंबईतल्या बायांच्या विनाकारण भटकण्याच्या हक्कावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. मुंबईच्या बाईला निदान रस्ता आहे, बाग आहे, समुद्राचा कठडा आहे. पाटोद्याच्या किंवा आष्टीच्या बाईने विनाकारण कुठे थांबायचं? पक्षी बघणं म्हणजे दुसरं काय असतं? काहीही न उचलता, न कापता, न वाहता एका जागी उभं राहून बघणं. हा हक्क छोटा नाही.

आता स्पर्धेबद्दल. स्पर्धा म्हटलं की आपण बिचकतो, आणि काही स्पर्धा तशा असतातही. २००५ साली मुंबईत ‘बर्ड रेस’ सुरू झाली. तीन-चार जणांचे गट पहाटेपासून अंधार पडेपर्यंत हिंडतात, ज्याच्या यादीत जास्त जाती त्याचं नाव वर. त्याला वाहन लागतं, दुर्बीण लागते, आणि दिवसभर घराकडे कुणी बघणार आहे याची खात्री लागते. ‘आपला तुकडा’ पद्धतीची स्पर्धा वेगळी. आपल्या घराजवळचा एक ओढा, एक माळ, एक तळं धरायचं, पुन्हा पुन्हा तिथंच जायचं आणि जे दिसेल ते लिहायचं. तुलना स्वतःच्या मागच्या वर्षाच्या यादीशी. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेली आणि २०१३ पासून भारतातही होणारी फेब्रुवारीतली चार दिवसांची पक्षीगणना तर यादीला कमीत कमी पंधरा मिनिटं मागते. पंधरा मिनिटांत भाकरी होत नाहीत, पण धुणं वाळत घालताना पाच जाती दिसतात.

आणि ओळखायचं म्हणाल तर आमच्या बायांना पुस्तकाची गरज कमीच पडते. टिटवी कुठे अंडी घालते, पावशा कधी ओरडायला लागतो, तित्तर कोणत्या झुडपात दडतो, भारद्वाज कोणत्या कुंपणातून चालत जातो, हे त्यांना तोंडपाठ. नाव मात्र त्यांचं त्यांचं असतं. यादी करणारा पोरगा म्हणतो, ‘मावशी, हे नाव पुस्तकात नाही.’ मग पुस्तकात घाला की! तो छापील शब्द गावाला शिकवायचा, का गावाचा शब्द यादीत चढवायचा, याचा निर्णय जिच्या हातात वही असते ती करते. म्हणून वही आपल्या हातात पाहिजे.

शिवाय मादीचं काय? नर रंगीत म्हणून चित्र त्याचं, मादी ‘फिकट, मातकट’ एवढ्यावर भागवलेली. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात १९९४ साली नायगावचं मयूर अभयारण्य झालं. लांडोरीचं नाव त्यात कुठेच नाही. सुगरणीचा प्रकार तर गमतीचा. खोपा विणतो नर. तो अर्धा खोपा विणून ठेवतो, मादी येऊन तपासते, पसंत पडला तर राहते, नाहीतर उडून जाते. आपण मात्र नाव दिलं सुगरण आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलींना तिचं उदाहरण दिलं. एकेकाळी शास्त्रज्ञही धरून चालले होते की गातात ते नरच. २०१४ साली जगभरातल्या ३२३ जाती तपासल्या तेव्हा ७१ टक्के जातींत मादीही गाताना आढळली. ऐकणाऱ्याने आधीच ठरवलं असेल तर समोरचा आवाजही ऐकू येत नाही, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

दुसरं उत्तर, चहापाण्याचं. हे दुखणं जुनं आहे. सालिम अलींच्या भ्रमंतीत पत्नी तेहमिना सोबत असत, मुक्कामाची सारी व्यवस्था बघत. १९३९ साली त्या वारल्या. महाराष्ट्रात २०२० पासून शासन पक्षी सप्ताह पाळतं, ५ ते १२ नोव्हेंबर. एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला सालिम अलींचा. दोघेही मोठी माणसं, आदर आहेच. पण मुक्काम सांभाळणाऱ्या बाईचा दिवस या सप्ताहात कोणता?

आणि तारखा पाहा. सप्ताह नोव्हेंबरात, मोठी गणना फेब्रुवारीत. उत्तरेकडून धोबी येतो, जायकवाडीच्या पाण्यावर चक्रवाक उतरतात, तेव्हा बीडमधल्या टोळ्या गाव सोडून गेलेल्या असतात. दसरा-दिवाळीनंतर निघालेली बाई मार्च-एप्रिलमध्ये परतते, पाखरं परत निघतात त्याच सुमाराला. म्हणजे ‘स्थानिक’ स्पर्धेत गावातली निम्मी बाई स्थानिक नसतेच. पाहुण्या पाखरांची नोंद घेणाऱ्या वहीत, त्या वेळी गावातून कोण गेलं आहे, याला रकाना नाही.

पारधी वस्तीतल्या बायांचा प्रश्न आणखी अवघड. तित्तर-लाव्ह्याची जाण त्यांच्याइतकी कुणाला नाही. पण १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेली जमात, तो कायदा १९५२ साली गेला तरी संशय गेला नाही. वर १९७२ चा वन्यजीव कायदा. गणवेशातला माणूस शेजारी वही घेऊन उभा असेल तर ती बाई कशाला तोंड उघडेल? अशा वस्तीत वनखात्याच्या माणसासोबत जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आसामात पूर्णिमा देवी बर्मन यांनी हरगिला या करकोच्यासाठी गावातल्या बायांची फळी उभी केली. २०१७ साली त्यांना व्हिटली पुरस्कार मिळाला. तिथल्या बाया हरगिल्याचं डोहाळजेवण करतात, साड्यांवर त्याची नक्षी विणतात. डोहाळजेवणाचं मला वावडं आहे, बाईला पुन्हा आईपणातच बसवायचं का, असं वाटतं. पण विणकाम विकून पैसा बाईच्या हाती येतो आणि ज्या पक्ष्याला लोक अपशकुनी म्हणत त्याच्या झाडाखाली बाया हक्काने जमतात, हे मी नाकारणार नाही.

तेव्हा निरोप आला की जरूर जावं, पण आधी बोलून घ्यावं. तुकडा बाईने निवडायचा, मग तो पाणवठा असो की उकिरड्यामागची बाभळ. वेळ पहाटेचीच नको, दुपारची पंधरा मिनिटंही धरायची. फोन बहुतेक घरांत नवऱ्याच्या खिशात असतो, म्हणून कागदी वही. यादीवर ‘महिला मंडळ’ असं न लिहिता प्रत्येकीचं स्वतःचं नाव. चहा आळीपाळीने, पुरुषांपासून सुरुवात. आणि तोडीला जाणाऱ्या दोघी-तिघींकडे एकेक वही द्यावी, कोपीजवळचा उसाचा फड हाच त्यांचा तुकडा. तिला पंधरा मिनिटंही मिळाली नाहीत तर तिने त्या तारखेपुढे तेवढंच लिहावं, आणि गावातल्या यादीशेजारी तेही पान वाचलं जावं. त्यासाठी बैठक नोव्हेंबरात घेऊन उपयोग नाही. सप्टेंबरातच घ्यावी, टोळ्या हलायच्या आत.