जुन्या मताचा माणूस

आपल्या शाळेच्या वादसभेंत प्रतिपक्षास निरुत्तर करावयाचें असलें म्हणजे त्यास ‘जुन्या मताचा’ म्हणावें आणि खालीं बसावें, टाळ्या ठरलेल्याच. जणूं जुनें मत आणि भित्रेपणा हीं एकच होत! असें म्हणणारांनीं आपल्याच वऱ्हाडांतील लोकनायक माधव श्रीहरि अणे यांचें चरित्र एकदां पाहावें.

अणे यांचा जन्म १८८० सालीं यवतमाळ जिल्ह्यांतील वणी येथें झाला. ते टिळकांचे निस्सीम अनुयायी, वृत्तीनें परंपरानिष्ठ व संस्कृताचे गाढे व्यासंगी. (टिळकांचें चरित्र त्यांनीं संस्कृत महाकाव्यांत रचिलें, आम्हांस चार श्लोक पाठ करतांना घाम फुटतो!) १९२० सालीं असहकारितेची लाट उसळली, तेव्हां कायदेमंडळांवरील बहिष्कार त्यांस पटला नाहीं, व तसें त्यांनीं उघड सांगितलें. पुढें जयकर, केळकर, मुंजे यांजबरोबर ते प्रतियोगी सहकार पक्षांत होते. गांधीजींचा विरोधक, एवढीच त्यांची ओळख करून घेणारे अजूनही भेटतात.

परंतु १९३० साल उजाडलें. वऱ्हाडास समुद्र नाहीं. सरकारनें राखून ठेविलेलीं जंगलें मात्र होतीं. गुरांच्या चाऱ्यावांचून शेतकऱ्याचे काय हाल होतात, हें सातपुड्याच्या व अजिंठ्याच्या डोंगरांलगत राहणाऱ्या आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील पालकांस सांगावयास नको. त्या वर्षीं १० जुलै रोजीं पन्नाशीस टेकलेल्या या वकिलानें पुसदजवळ राखीव जंगलांतील गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करिला. १९३३ सालीं ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. लगेच पुढल्या वर्षीं जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मतभेद होतांच मालवीयजींसह निराळा पक्ष काढून मोकळे झाले.

त्यांचें सर्वच वागणें मला पटतें असें नाहीं. १९४१ सालीं ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत गेले. १९४२ च्या ऑगस्टांत राष्ट्राचे पुढारी तुरुंगांत पडले, तरी अणे जागेवरच राहिले. विदर्भांतील चिमूर येथील अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भणसाळी यांनीं दिल्लीस अणे यांच्याच दारीं उपोषण आरंभिलें. तेव्हांही त्यांनीं अधिकारपद सोडलें नाहीं. हा डाग मला पुसतां येत नाहीं, आणि चरित्र सांगणारानें तो पुसूंही नये. मात्र फेब्रुवारी १९४३ मध्यें आगाखान महालांत गांधीजींनीं एकवीस दिवसांचें उपोषण मांडलें व सरकार त्यांस सोडीना, तेव्हां होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांजसह अणे यांनीं राजीनामा दिला. ज्यांच्याशीं वीस वर्षें वाद घातला, त्यांच्या प्राणांपुढें त्यांस पद जड वाटलें नाहीं.

स्वातंत्र्यानंतर ते बिहारचे राज्यपाल झाले. तेथून निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसावें, तर तेंही नाहीं. स्वतंत्र विदर्भाची मागणी धरून १९६२ सालीं, एक्याऐंशी वर्षांच्या वयांत, ते नागपुरांतून काँग्रेसविरुद्ध लोकसभेस उभे राहिले आणि निवडून आले.