‘ऑटोमॅटिक’ म्हणजे काय रे भाऊ?

आपल्या कॉलेजात ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द जितक्या भक्तिभावाने उच्चारला जातो, तितक्या भक्तिभावाने देवाचं नावसुद्धा कुणी घेत नसेल (व्हायवाच्या आदली रात्र सोडून!). प्रोजेक्टच्या नावात ‘ऑटोमॅटिक’ घातलं की निम्मे मार्क पक्के, असा आपला समज. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, आणि ते सांगायला मी एक अगदी छोटं, बोटाएवढं पितळी यंत्र निवडलंय : टायरमधली हवा आपोआप सोडणारा डिफ्लेटर. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला. गणितात काही सापडलं तर मात्र जरूर भांडायला या.

तुम्ही म्हणाल, हवा भरायला पैसे मोजतो आपण, सोडायची कशाला? पेट्रोल पंपावर ‘पुढे तीस, मागे बत्तीस’ सांगून मोकळं व्हायची आपली सवय. पण हे आकडे डांबरी रस्त्याचे. वाळूत गाडी रुतते कारण तिचं वजन फार लहान जागेवर पडतं. साधा हिशेब करा. अडीच टनांची गाडी, म्हणजे प्रत्येक चाकावर सुमारे ६२५ किलो. टायरमध्ये ३५ पीएसआय हवा असेल तर जमिनीला टेकणारा भाग साधारण २५० चौरस सेंटीमीटर येतो. तीच हवा १६ वर आणली की तो ५५० च्या घरात जातो. टायरच्या भिंतीही थोडं वजन पेलतात म्हणून प्रत्यक्ष आकडा जरा कमी येईल, पण दुपटीचा अंदाज चुकत नाही. आणि गंमत म्हणजे टायर पसरतो तो रुंदीला कमी, लांबीला जास्त. रणगाड्याच्या पट्ट्यासारखा!

ही युक्ती आजची नाही. राल्फ बॅगनॉल्ड नावाचा ब्रिटिश सैन्यातला इंजिनिअर १९२० च्या दशकाच्या शेवटी फोर्डच्या साध्या गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरला, तो टायरमधली हवा कमी करूनच. पुढे १९४० मध्ये त्याने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला. १९४२ च्या डकडब्ल्यू या पाण्यातही आणि जमिनीवरही चालणाऱ्या अमेरिकन ट्रकमध्ये तर ड्रायव्हरला जागेवर बसल्या बसल्या टायरची हवा कमी-जास्त करता यायची. आपल्याकडच्या साध्या गाडीत ती सोय नाही. म्हणून मग चारही चाकांपाशी उकिडवं बसायचं, काडीने व्हॉल्व्ह दाबायचा, गेज लावायचा, पुन्हा दाबायचा... किंवा डिफ्लेटर आणायचे.

हा डिफ्लेटर व्हॉल्व्हवर फिरवून बसवतात. आत एक छोटा दट्ट्या आणि त्याच्या डोक्यावर स्प्रिंग. टायरमधली हवा दट्ट्याला वर ढकलते, स्प्रिंग खाली दाबते. हवेचा जोर जास्त आहे तोवर सूंऽऽ करून हवा बाहेर पडत राहते. जोर स्प्रिंगपेक्षा कमी झाला की दट्ट्या बसतो आणि हवा बंद. झालं! चारही चाकांना एकेक लावा आणि चहा प्या. स्प्रिंग किती दाबायची ते वरच्या टोपीवर ठरतं. खालची लॉक रिंग ढिली करायची. टोपी आवळली की हवा लवकर थांबते, म्हणजे दाब जास्त राहतो. सैल केली की दाब कमी होतो. शेवटी रिंग परत घट्ट.

आणि इथेच खरी मेख आहे. ‘कंपनीने सेट करून दिलंय, आपण कशाला हात लावा?’ असं म्हणणारे खूप. दुसऱ्या टोकाला जुने-जाणते लोक, ‘ही आळशांची खेळणी आहेत, आम्ही नुसत्या नजरेने सांगतो’ म्हणणारे. मला दोघंही अर्धे बरोबर वाटतात. यंत्र चांगलं आहे, हाताने काम करण्यापेक्षा चारही चाकांना सारखं वागवतं. पण कंपनीला तुमच्या गाडीचं वजन माहीत नाही, मागे किती सामान भरलंय ते माहीत नाही, तुम्ही वाळूत चाललाय की दगडात तेही माहीत नाही. त्यामुळे सेटिंग आपल्याच गाडीवर, आपल्याच गेजने, एकेक डिफ्लेटर लावून करायला हवं. तेही वरून खाली. आधी टोपी जास्त आवळून ठेवा, कुठे थांबतं ते मोजा, मग थोडी थोडी सैल करत या. उलट केलंत तर प्रत्येक वेळी टायर परत भरत बसावं लागेल. पुढचे-मागचे आकडे वेगळे असतील तर डिफ्लेटरला रंगाचा ठिपका लावा. अंधारात आणि घाईत सगळे सारखेच दिसतात.

एवढं करूनही एक गोष्ट उरतेच. ती मला गेल्या डिसेंबरात ओमानमध्ये कळली. माझी आत्या मस्कतला असते. तिथून दोनशेहून जास्त किलोमीटर हायवेने गेलं की बिदिया गाव आणि पुढे वाहिबाचं वाळवंट. वाळवंटाच्या तोंडाशी टायरची दुकानं आहेत. जाताना हवा सोडून देतात, येताना भरून देतात. पण काकांनी नवे डिफ्लेटर घेतले होते, घरीच १६ वर सेट केलेले. त्यांनी ते लावले, चारही चाकं बरोबर १६ वर थांबली, काका खूश. रात्री तंबूत राहिलो. सकाळी कुडकुडत गेज लावला तर तेराच्याही खाली!

‘‘बोगस माल आहे गं हा,’’ म्हणत काका पान्हा शोधायला लागले.

‘‘काका, थांबा ना. तुम्ही हवा सोडलीत तेव्हा टायर तापलेले होते.’’

टिश्यू पेपरवर हिशेब केला. अकरावीचं फिजिक्स! १६ अधिक वातावरणाचे १४.७, म्हणजे ३०.७. टायरमधली हवा हायवेवरून आल्यावर ५० अंशांवर धरली आणि पहाटे १५ वर, म्हणजे ३२३ केल्विनवरून २८८. उत्तर २७.४. त्यातून १४.७ वजा करा, उरले १२.७. डिफ्लेटर अगदी खरं बोलत होता. फक्त तो त्या क्षणाचं बोलत होता, दुसऱ्या दिवशी सकाळचं नाही. गाडीत आम्ही सहा जण, त्यात आजी. इतक्या कमी हवेवर उतारावर आडवी गाडी वळवली तर टायरची कड रिममधून सुटू शकते आणि मग वाळूच्या टेकडीवर गाडी कलंडायला वेळ लागत नाही. काका दोन मिनिटं गप्प राहिले, मग कॉम्प्रेसर काढून चारही चाकांत तीन-तीन पीएसआय भरले आणि म्हणाले, ‘‘फी वसूल झाली म्हणायची तुझी!’’

तर डिफ्लेटरवरचा आकडा हा कधीचा आहे, तापलेल्या दुपारचा की गार पहाटेचा, हे माणसानेच ठरवायचं. दुसरं, डिफ्लेटर अर्धंच काम करतो. हवा सोडतो, भरत नाही. वाळूतून बाहेर आल्यावर तशाच मऊ टायरवर हायवेला ऐंशी-शंभरने निघालात तर टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते, तापते आणि शेवटी फाटते. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या त्या अपघातांत अडीचशेहून जास्त माणसं गेली. कारणं अनेक होती, टायरच्या बनावटीतही दोष होते, पण एक वाद हवेच्या आकड्याचा होता : फोर्ड २६ पीएसआय सांगत होती, टायर कंपनी ३०. चार पीएसआयचा प्रश्न! त्यानंतर तिकडे नव्या गाड्यांत हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा कायद्याने सक्तीची झाली. म्हणून मी म्हणते, कॉम्प्रेसर बरोबर नसेल तर डिफ्लेटर घरीच ठेवा.

आता आपल्या वर्कशॉपकडे वळूया. पिथमपूरला २००७ पासून सुरू झालेल्या ‘बाहा’ स्पर्धेसाठी आपलीही टीम गाडी बनवते. टायरमध्ये किती हवा ठेवायची हे टीमच्या वहीत लिहिलेलं आहे. कुणी ठरवलं? सीनिअर्सनी. त्यांना कुणी सांगितलं? त्यांच्या सीनिअर्सनी! गाडीचं वजन मध्ये दोनदा बदललं, टायरचा साइज बदलला, आकडा मात्र अढळ, ध्रुवताऱ्यासारखा. मी विचारलं तर उत्तर आलं, ‘‘अगं, चालतंय ना, मग कशाला?’’ चालतंय हे उत्तर ड्रायव्हरचं झालं, इंजिनिअरचं नाही. उद्या आडव्या उतारावर टायर रिममधून सुटला तर आत हेल्मेट घालून आपल्यातलाच कुणीतरी बसलेला असेल.

माझी मागणी फार मोठी नाही. वहीत आकड्याच्या शेजारी तीन गोष्टी लिहा : कोणत्या वजनाला, कोणत्या जमिनीला आणि टायर गार असताना की तापलेला असताना. दर वर्षी एक दुपार मोडेल, एक गेज लागेल, थोडा घाम येईल. ‘ऑटोमॅटिक’चा अर्थ मला एवढाच कळलाय की विचार आधी करून ठेवायचा, यंत्र तो फक्त पाळतं. आधी विचारच केला नसेल, तर ते काय पाळणार बिचारं?