चार पायांचा सोबती

२०२५ हे वर्ष कोल्हापुरात प्राणी आणि कोर्ट ह्या दोन विषयांत गेलं म्हणायला हरकत नाही. जुलैत नांदणी मठाची महादेवी हत्तीण कोर्टाच्या आदेशानं वनताराला गेली आणि अख्खा जिल्हा रस्त्यावर उतरला. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली भटकी कुत्री हलवायला सांगितली आणि कट्ट्याकट्ट्यावर दोन तट पडले.

ह्या सगळ्या गलक्यात एका कुत्र्याचं नाव कुणाच्याच तोंडी आलं नाही, कारण तो आपल्याकडे जवळजवळ नाहीच. अंध माणसाला घेऊन चालणारा, शिकवून तयार केलेला कुत्रा. गाईड डॉग. मी त्याला वाटाड्या म्हणतो.

खरं तर 'वाटाड्या'ही थोडं चुकीचंच. कुठं जायचं, कुठं वळायचं हे माणूस ठरवतो. कुत्रा पायरीपाशी थांबतो, खड्डा आणि खांब चुकवतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे समोरून गाडी येत असेल तर 'चल' म्हटलं तरी चालत नाही! हुकूम कधी मोडायचा हेसुद्धा त्याला शिकवलेलं असतं. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबर्गला १९१६ मध्ये अशी पहिली शाळा निघाली. अमेरिकेत १९२९ मध्ये 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. आज ती न्यू जर्सीत मॉरिसटाऊनला आहे. म्हणजे शंभर वर्षांची जुनी गोष्ट आहे ही, नवं खूळ नव्हे.

आता आपला कायदा बघा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. चांगला कायदा आहे. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, दिव्यांग व्यक्तीला गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी असं म्हटलंय, आणि ती नाकारणं म्हणजे भेदभाव असंही स्पष्ट लिहिलंय. पण मदत करणाऱ्या प्राण्याबद्दल त्यात एक शब्द नाही. ज्या संयुक्त राष्ट्रांच्या करारामुळे हा कायदा आला, त्याला भारतानं २००७ मध्येच मान्यता दिली. त्या कराराच्या फ्रेंच आणि स्पॅनिश मसुद्यांत तर 'माणसाची किंवा प्राण्याची मदत' असं सरळ लिहिलंय. इंग्रजीत ते नुसतं 'सजीव मदत' झालं आणि आपल्यापर्यंत येताना प्राणी वाटेत कुठंतरी उतरला.

ह्याचा परिणाम रेल्वेत बघा. अंध प्रवाशाला स्लीपरच्या तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, आणि त्याच्या सोबत्यालाही तेवढीच. किती चांगला विचार! पण सोबती म्हणजे माणूस हे गृहीतच. कुत्र्यांसाठीचा सर्वसाधारण नियम म्हणजे फर्स्ट एसीचा आख्खा कूपे घ्या, नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या पेटीत ठेवा. पेटीतला कुत्रा रस्ता कुणाला दाखवणार?

न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातली आपली मंडळी म्हणतील, तिकडं ह्याचा अतिरेक झालाय. खरं आहे. मोर, बदकं घेऊन लोक विमानतळावर यायला लागले, तेव्हा २०२१ पासून तिथल्या परिवहन खात्यानं नुसत्या मानसिक आधाराच्या प्राण्यांना सेवाप्राणी मानायचं बंधन काढून टाकलं. पण मूळ नियम किती सुटसुटीत आहे बघा. दुकानदारानं दोनच प्रश्न विचारायचे: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का? आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? दाखला मागायचा नाही, आजार विचारायचा नाही. कुत्रा आवरत नसेल तर बाहेर काढायची मुभाही आहे. हक्क आणि जबाबदारी दोन्ही आलं.

आपल्याकडचा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो मला मान्य आहे. गंगावेशीतून रंकाळ्यापर्यंत असा कुत्रा न्यायचा म्हणजे चार ठिकाणी भटक्या टोळ्या अंगावर येणार. फुटपाथ नाहीत. शिकवायला वर्ष-दीड वर्ष लागतं, खर्च मोठा, शाळा नाहीत. सगळं कबूल. पण हे रस्त्याचे दोष झाले, हक्काचे नव्हेत. फुटपाथ उखडलाय म्हणून पांढऱ्या काठीला आपण बंदी घातलीय का? आणि ज्या कुत्र्याला बसमध्ये, बँकेत, सीपीआरच्या दारात घेतील की नाही ह्याचाच भरवसा नाही, तो शिकवायला पैसे कोण घालेल? त्यातून आता स्टँडवर, दवाखान्यात कुत्रं दिसलं की हाकला असं वातावरण. आदेश भटक्यांपुरता आहे, पण दारावरच्या वॉचमनला ते कोण सांगणार?

म्हणून नियम आधी हवा, कुत्रा मागून येईल. दिल्लीची वाट बघायचीही गरज नाही. केएमटी महापालिकेची आहे. 'अंध प्रवाशाचा प्रशिक्षित, पट्टा बांधलेला, लस दिलेला कुत्रा विनातिकीट सोबत येऊ शकेल' एवढी एक ओळ परिपत्रकात घालायला काय लागतं? ह्याच शहरात नसीमा हुरजूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस नोकरी करतो, संसार करतो हे कोल्हापूरला शिकायला वेळ लागला, पण शिकलं. नृसिंहवाडीच्या ह्या जिल्ह्यात दत्ताच्या पायाशी चार कुत्री असलेली तसबीर घरोघरी आहे. दारातल्या कुत्र्याला मात्र आपण 'हाड' म्हणतो.

कुणाचा तरी हात धरून जाणं आणि स्वतःला हवं तेव्हा, हवं तिकडं एकट्यानं जाणं ह्यात फार मोठं अंतर आहे. हात धरणाऱ्याला वेळ असावा लागतो. भाऊ कामावर गेला की दिवस घरातच. ते अंतर ज्याला कापायचंय, त्यानं काठी घ्यावी की कुत्रा हे त्याचं त्यानं ठरवावं. कोल्हापुरात पहिला वाटाड्या येईल तेव्हा त्याच्या मालकाला केएमटीत चढायला मिळावं. त्यासाठी आधी सर्किट बेंचची पायरी चढायला लागू नये, एवढंच.