घरातला उद्योग आणि शहराचा आराखडा

श्रावण लागला की राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग या भागांतल्या कितीतरी स्वयंपाकघरांचा हंगाम सुरू होतो. आधी गणपतीचे उकडीचे मोदक, मग दिवाळीच्या चकल्या, अनारसे, चिरोटे. भंवरकुआँकडे स्पर्धा परीक्षांसाठी राहणाऱ्या मुलांचे डबे तर वर्षभर चालूच असतात. शिकवण्या, गाण्याचे वर्ग, फॉल-पिको, पार्लर, घरघंटी हेही आहेच. इंदूरच्या मराठी घरांत या कमाईवर मुलांची शिक्षणं झाली आहेत.

याच विषयावर आमच्याकडे दोन प्रकारची गाऱ्हाणी येतात. डबे करणाऱ्या ताई विचारतात, “उद्या नगर निगमाची नोटीस आली तर आम्ही काय दाखवायचं?” आणि शेजारचे काका म्हणतात, “पहाटेपासून फाटकासमोर गाड्या उभ्या असतात, आम्ही कुणाला सांगायचं?” दोघेही आपलेच सभासद आहेत आणि दोघांचंही म्हणणं खरं आहे. म्हणून या प्रश्नाकडे नीट पाहायला हवं.

कागद आहेत, पण कशाचे?

बहुतेक भगिनींचा समज असा की उद्यम नोंदणी झाली, खाद्यपदार्थांची नोंदणी झाली, म्हणजे सगळं रीतसर झालं. तसं नाही. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी मोफत आहे. ती तुमचा उद्योग सूक्ष्म आहे एवढंच सांगते. २०११ च्या नियमांनी १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या खाद्यव्यवसायाला साध्या नोंदणीची सोय दिली; तिचा संबंध अन्नाच्या स्वच्छतेशी आहे. हा व्यवसाय या जागेत चालेल का, या प्रश्नाचं उत्तर दोन्ही कागदांत नाही. ते उत्तर मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम १९७३, त्याखालचा शहराचा विकास आराखडा आणि २०१२ चे भूमी विकास नियम यांत शोधावं लागतं. एखादी गृहिणी ते कधी वाचणार?

त्यात नियम एकमेकांशी बोलतही नाहीत. घरगुती व्यवसायाची एक जुनी, स्पष्ट व्याख्या मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत आहे: काम घरातल्याच माणसाने करायचं, पगारी नोकर ठेवायचा नाही, तिथेच तयार केलेला माल विकायचा आणि घराबाहेर व्यवसायाची कुठलीही खूण दिसू द्यायची नाही. उलट जीएसटीच्या २०१७ च्या नियमांतला १८ वा नियम सांगतो की नोंदणीधारकाने दारावरच्या पाटीवर जीएसटी क्रमांक लावावा. एक म्हणतो पाटी नको, दुसरा म्हणतो पाटी हवीच.

त्याच व्याख्येत यंत्रशक्ती वापरल्यास एकूण विजेचा भार ०.७५ किलोवॅटपुरता मर्यादित आहे. म्हणजे एक अश्वशक्ती. आपल्या ओट्यावरच्या कित्येक मिक्सरांवर ७५० वॅट छापलेलं असतं. दिल्लीच्या २००७ मध्ये लागू झालेल्या आराखड्यात मात्र निवासी भागातल्या प्रदूषण न करणाऱ्या घरगुती उद्योगांना ५ कामगार आणि ११ किलोवॅटपर्यंत मुभा मिळाली. ती सहज मिळाली नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर निवासी भागांतली दुकानं सील होऊ लागली, व्यापारी रस्त्यावर उतरले, त्यानंतर ही स्पष्टता आली. सील लागल्यावर नियम स्पष्ट करण्यापेक्षा आधीच केलेला बरा.

आपल्या राज्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात ५० टक्के सूट आहे. घराचा काही भाग व्यवसायाचा ठरला की त्या भागापुरता हा प्रश्न उभा राहतो. विजेचंही तसंच. वकिलाच्या घरातल्या कचेरीला घरगुती दर लावायचा की व्यापारी, हा मध्य प्रदेश वीज मंडळाचा वाद २००५ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. वकिलाला जिथे भांडावं लागलं, तिथे पापड लाटणारीने काय करावं?

शेजाऱ्यांची बाजू

नियम उगाच झालेले नाहीत. १२ सप्टेंबर २०१५ रोजी झाबुआ जिल्ह्यातल्या पेटलावदमध्ये भरवस्तीतल्या इमारतीत साठवलेल्या स्फोटकांचा स्फोट झाला आणि सत्तरहून अधिक माणसं गेली. चकलीची तुलना जिलेटिनशी कुणी करणार नाही. पण वस्तीत काय साठवलं जातं हे शेजाऱ्याला कळण्याचा हक्क का आहे, ते त्या दिवशी कळलं.

आपल्याकडेही जपायला हवंच. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर व्यवसायाला वापरता येत नाही; त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. तरी कित्येक घरांत डब्यांचा स्वयंपाक घरगुती सिलिंडरवरच होतो, हे आपण सगळे जाणतो. दहा डब्यांचे शंभर झाले, दोन मदतनीस आले, गच्चीवर भट्टी लागली, तर ते घर राहिलं नाही. हे आपल्याच माणसांना सांगायला आम्ही कचरणार नाही.

आमचं म्हणणं

व्यवसाय घरात आहे की नाही, यावर नियम बेतू नये. शेजाऱ्याला त्याचा त्रास किती, यावर बेतावा. बाहेरची माणसं किती, विजेचा भार किती, सिलिंडर किती, गाड्या किती आणि कोणत्या वेळी, हे मोजता येतं. या मर्यादा हिंदीत एका पानावर लिहून प्रत्येक झोन कार्यालयात लावाव्यात. मर्यादेच्या आत असणाऱ्यांना स्वयंघोषणेवर मोकळं ठेवावं. मर्यादा ओलांडणाऱ्यांना थेट सील करण्याऐवजी जागा बदलायला मुदत द्यावी. आपल्या सराफ्यात दिवसा दागिने विकले जातात आणि रात्री त्याच ओट्यांवर खाऊगल्ली भरते. एका जागेचे दोन उपयोग या शहराला नवे नाहीत.

मुंबईत १९५९ मध्ये सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले, त्यातून लिज्जत उभं राहिलं. आजही तिथल्या भगिनी पीठ घरी नेऊन पापड लाटतात. त्या गच्चीवर पहिल्याच आठवड्यात नोटीस आली असती तर?

१ जानेवारी २००८ पासून लागू झालेला इंदूरचा आराखडा २०२१ पर्यंतचा होता. पुढच्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की कायद्याने हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. त्या वेळी रस्ते आणि उंच इमारतींवर बोलणारे पुष्कळ असतील. स्वयंपाकघरांबद्दल आपणच बोलायला हवं. घरून व्यवसाय करणाऱ्या सभासदांनी आपलं काम, विजेचा भार आणि मदतनिसांची संख्या आम्हाला कळवावी. ज्यांना शेजारच्या व्यवसायाचा त्रास होतो त्यांनीही तो लिहून द्यावा. दोन्ही बाजू एकाच निवेदनात मांडल्या, तर आपल्या पार्षदांनाही ते बाजूला सारणं जड जाईल.