चषकाविना जल्लोष

वेंडेल स्कॉट या कृष्णवर्णीय मोटारशर्यतपटूच्या जीवनावरचा ‘ग्रीस्ड लाइटनिंग’ (१९७७) हा अमेरिकन चित्रपट आम्हाला मुळीच पटला नाही. रिचर्ड प्रायरच्या अभिनयाविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती अन्यायाला हसण्यावारी नेणाऱ्या मांडणीविषयी.

वस्तुस्थिती काय होती? १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लोरिडातील जॅक्सनविल येथे स्कॉट शर्यत जिंकला. विजेता म्हणून नाव पुकारले गेले ते मात्र गोऱ्या बक बेकरचे! काही तासांनी, प्रेक्षक पांगल्यावर, मोजणीत चूक झाल्याचे संयोजकांनी मान्य केले. स्कॉट तब्बल दोन फेऱ्यांनी पुढे होता. दोन फेऱ्या मोजता येत नाहीत, ही चूक की वर्णद्वेष? हे वाचकांनीच ठरवावे.

जुन्या गाड्या स्वतःच्या हाताने दुरुस्त करून गोऱ्यांच्या मैदानात उतरलेल्या माणसाची ही कहाणी. चित्रपट तिला विनोदाची फोडणी देतो आणि विजयाच्या जल्लोषात संपतो. पण चित्रपट आला तेव्हाही जॅक्सनविलचा चषक स्कॉटला मिळालेला नव्हता! १९९० साली तो चषकाविनाच गेला. नॅसकार संस्थेने तो त्याच्या कुटुंबाच्या हाती ठेवला २०२१ साली, म्हणजे ५८ वर्षांनी.

पडद्यावर टाळ्या वाजल्या की प्रेक्षक निश्चिंत होऊन घरी जातो. त्याला वाटते, झाला न्याय! शोषितांच्या चरित्रपटांत अशी खोटी समाधाने पेरणे म्हणजे अन्याय करणाऱ्यांना परस्पर माफी देणे होय. ती माफी देण्याचा अधिकार निर्मात्यांना कोणी दिला?