सांध्याची खतावणी

गेल्या चातुर्मासात एका परिचित कुटुंबाच्या पेढीवर जाण्याचा योग आला. तीन पिढ्यांचा हळदीचा व्यापार. भिंतीतल्या फडताळात लाल बांधणीच्या वह्या ओळीने लावलेल्या. बोलण्याच्या ओघात शेठजींनी वीस वर्षांपूर्वीची एक वही काढली. त्या मोसमात कोणत्या गावाहून किती पोती आली, कोणाला कोणत्या भावाने गेली आणि किती पोती भिजलेली म्हणून परत आली, हे सारे एका पानावर सापडले.

त्याच घरात शेठजींच्या मातोश्री अंथरुणावर होत्या. पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरी त्यांच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला होता. तो आता सैल झाला होता. नव्या शल्यचिकित्सकांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘आत बसवलेला सांधा कोणत्या बनावटीचा आणि कोणत्या मापाचा आहे?’’ घरात उरलेल्या एकुलत्या एक कागदावर ‘उजव्या खुब्याचा सांधा बदलला’ एवढीच ओळ होती. रुग्णालयातील जुनी कागदपत्रे केव्हाच निकालात निघाली होती. शेठजी खाली मान घालून म्हणाले, ‘‘परत आलेल्या पोत्याचा हिशेब माझ्यापाशी आहे, आईच्या शरीरात काय बसवले, त्याचा नाही.’’

वाचकहो, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नसतो. कृत्रिम खुब्यात मांडीच्या हाडात रोवलेला दांडा, त्यावरचा गोळा, कटीच्या हाडातील वाटी आणि वाटीतले अस्तर असे निरनिराळे भाग असतात. पुष्कळदा दांडा घट्ट असतो आणि केवळ अस्तर झिजलेले असते. बनावट ठाऊक असेल, तर नेमका तेवढाच भाग मागवून बदलता येतो. ती ठाऊक नसेल, तर एक्स-रे पाहून अंदाज बांधावा लागतो, उपकरणांचे अनेक संच तयार ठेवावे लागतात, आणि प्रसंगी घट्ट बसलेला दांडाही हाड फोडून काढावा लागतो. वृद्ध देहाला हा भार सोसवतोच असे नाही.

शस्त्रक्रियेची नोंद शेवटपर्यंत ठेवली पाहिजे, हा विचार अस्थिव्यंग शास्त्रात नवा नाही. अमेरिकेतील बॉस्टन शहरी अर्नेस्ट कॉडमन नावाचे शल्यचिकित्सक होऊन गेले. खांद्याच्या विकारांवरील त्यांचे काम आजही आदराने पाहिले जाते. प्रत्येक रुग्णाच्या नावे ते एक लहान कार्ड ठेवत. रोग कोणता, उपचार कोणता, गुंतागुंत कोणती, एवढे लिहून ते थांबत नसत. वर्षानंतर रुग्णाला पुन्हा बोलावून ‘अखेर काय झाले’ तेही त्याच कार्डावर लिहीत. आपल्या भाषेत सांगायचे, तर केवळ आवक-जावक लिहून त्यांचे समाधान होत नसे. त्यांना ताळेबंद हवा असे. मोठ्या रुग्णालयाने ही पद्धत स्वीकारावी असा आग्रह त्यांनी धरला, तो मानला गेला नाही, आणि १९१४ मध्ये त्यांनी तेथील पदाचा राजीनामा दिला. १९११ पासून ते स्वतःचे छोटे रुग्णालय चालवीत होते. १९११ ते १९१६ या काळात तेथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा वृत्तांत त्यांनी छापून प्रसिद्ध केला आणि त्यात आपल्याकडून व सहकाऱ्यांकडून झालेल्या १२३ चुका मोजून मांडल्या. सहव्यावसायिकांचा रोष त्यांना सोसावा लागला. १९४० मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या समाधीवर नावाचा दगडही नव्हता. तो २०१४ मध्ये बसवण्यात आला.

आपल्या परंपरेत आभ्यंतर तपांमध्ये प्रायश्चित्ताचे स्थान पहिले आणि प्रायश्चित्ताच्या भेदांत आलोचना पहिली. गुरूंसमोर आपला दोष न लपवता, न घटवता सांगणे म्हणजे आलोचना. कॉडमन यांना हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्यांच्या कार्डांतून वेगळे काय घडत होते?

पुढे हा विचार राष्ट्रांनी उचलला. स्वीडनने १९७५ मध्ये गुडघ्याच्या आणि १९७९ मध्ये खुब्याच्या सांधेबदलाची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. नॉर्वेने १९८७ मध्ये, ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये आणि इंग्लंड व वेल्सने २००३ मध्ये तोच मार्ग धरला. या नोंदवह्यांचे मोल एका घटनेतून कळते. डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ नावाचा धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा जगभर विकला जात होता. तो अपेक्षेपेक्षा लवकर निकामी होतो, हे ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत २००७ मध्येच दिसू लागले. त्याच्या घर्षणातून कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरत होते. २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. भारतात तो सुमारे ४,७०० रुग्णांना बसवला गेल्याचे पुढे शासनाच्या चौकशीत समोर आले. परंतु भरपाई देण्यासाठी शोध सुरू झाला, तेव्हा त्यांतील बहुसंख्य रुग्णांचा ठावच लागला नाही. माल सदोष आहे हे ठाऊक, भरपाईची तयारी आहे, आणि गिऱ्हाइकाचे नाव-गाव वहीत नाही. व्यापाऱ्याला याहून मोठी नामुष्की कोणती?

नोंद का होत नाही, याचे उत्तरही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. दिवसभर शस्त्रक्रिया करून थकलेल्या डॉक्टरांनी रात्री लांबलचक छापील तक्ते भरावेत, ही अपेक्षा फार काळ टिकत नाही. येथे हातातला मोबाईल उपयोगी पडतो. कृत्रिम सांध्याच्या खोक्यात चिकटवण्याच्या चिठ्ठ्या असतात. त्यांवर उत्पादकाचे नाव, भागाचा क्रमांक, लॉट क्रमांक, माप आणि बारकोड असतो. शस्त्रक्रिया संपताच सहायकाने मोबाईलच्या कॅमेऱ्याने तो बारकोड टिपला, की हाताने आकडे लिहिण्याची व त्यात चुकण्याची भीती उरत नाही. डावी बाजू की उजवी, सांधा बदलण्याचे कारण काय, हाडाचे सिमेंट वापरले की नाही, प्रतिजैविक केव्हा दिले, एवढ्या गोष्टी पर्यायांवर बोट ठेवून भरता येतात. काम काही मिनिटांचे.

कॉडमन यांची खरी अडचण मात्र पुढची होती : वर्षानंतर रुग्णाला गाठणे. तीही आज सुकर झाली आहे. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे १९९८ मध्ये सिद्ध झालेली गुडघ्याची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात १२ प्रश्न आहेत : रात्री वेदना होतात का, जिना उतरता येतो का, गुडघे टेकून पुन्हा उठता येते का, असे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते ४ गुण. पूर्ण गुण ४८. ही प्रश्नावली रुग्णाच्या मोबाईलवर पाठवली, तर आजी उत्तरे सांगतात आणि नातू ती भरतो. शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि वर्षानंतरचे गुण शेजारी ठेवले, की जमाखर्च स्पष्ट दिसतो.

एक सावधानता आवश्यक आहे. डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप गटात एक्स-रेचे छायाचित्र टाकणे म्हणजे नोंद नव्हे. ते शोधू गेल्यास सापडत नाही, मोबाईल बदलला की हरवते, आणि त्यावर रुग्णाचे नाव असेल तर नको त्या हाती पडते. खरी नोंदप्रणाली रुग्णाची संमती घेते, माहिती कुलूपबंद ठेवते आणि अभ्यासासाठी देताना नाव झाकते. पेढीची वही जशी कोणाच्याही हाती देत नाहीत, तशीच ही वही आहे.

आपण काय करावे? घरातील कोणाचा सांधा बदलणार असेल, तर त्या चिठ्ठ्यांची प्रत आवर्जून मागावी. मूळ कागद शस्त्रक्रियेच्या टिपणासह बँकेच्या कागदांसोबत ठेवावा आणि त्याचे छायाचित्र घरातील दोघांच्या तरी मोबाईलमध्ये असावे. शासनाच्या डिजिटल आरोग्य योजनेतील १४ अंकी ‘आभा’ क्रमांक काढून अहवाल त्याला जोडता येतात. ‘आपले रुग्णालय नोंदवहीत माहिती भरते का?’ हे शस्त्रक्रियेपूर्वी नम्रपणे विचारावे. आणि वर्षाने प्रश्नावली आली, तर ‘आता बरे आहे, कशाला उत्तर द्यायचे’ असे म्हणू नये. ज्यांचे बरे झाले तेच गप्प राहिले, तर ताळेबंद खोटा ठरतो.

आपल्या समाजातील दानशूर कुटुंबे रुग्णालयांना खाटा देतात, यंत्रे देतात. त्यांच्या नावाच्या पाट्या लागतात, आणि ते योग्यच आहे. परंतु नोंदी ठेवणाऱ्या एका माणसाचा पाच वर्षांचा पगार कोणी दान दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्या दानाची पाटी कोठे लावायची हा प्रश्न पडेल. पण एखादा सदोष सांधा वेळेत ओळखला गेला, तर न केलेल्या शस्त्रक्रियांच्या वेदना वाचतील. अहिंसेचा हाही एक अर्थ आहे.

त्या मातोश्रींची शस्त्रक्रिया अंदाजाने करावी लागली आणि अपेक्षेपेक्षा दुप्पट वेळ चालली. आता त्या वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतात. मंदिराच्या पायऱ्या मात्र सुटल्या. दिवाळीच्या वहीपूजनाला शेठजींनी एक पातळ वही नवी घेतली. पहिल्या पानावर आईचे नाव, शस्त्रक्रियेची तारीख आणि नव्या सांध्याची चिकटवलेली चिठ्ठी आहे. पुढची पाने त्यांनी कोरी ठेवली आहेत, दर वर्षी काय झाले ते लिहिण्यासाठी.

जय जिनेंद्र.